सरांची फेरी

मला मुख्याध्यापक व्हायचं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण तसं नसतं तर मी त्या शाळेकडे दुसऱ्याच दिवशी पाठ फिरवली असती.

नशिराबादजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी वीसेक वर्षं शिकवत होते. बहुतेक तिसरी आणि चौथी. वर्गात शिरलं की बाहेरच्या जगाशी संबंध संपायचा आणि मला तेच हवं असायचं. आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांना मी जवळून पाहिलं होतं. फोन, माहिती, पुन्हा फोन, पुन्हा तीच माहिती वेगळ्या तक्त्यात. माणूस शाळेत असून शाळेत नसायचा. दिवाळीनंतर सेवाज्येष्ठतेची यादी आली आणि जूनपासून त्या खुर्चीवर मला बसायचंय हे नक्की झालं. नवऱ्याने पेढे आणले. मी केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघायला म्हणून गेले आणि तासभर नुसती बसून राहिले.

जानेवारीत धुळ्याला प्रशिक्षण लागलं. शाळेचं नेतृत्व कसं करावं, असा विषय. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांतले आम्ही चाळीसेक जण, सगळे होऊ घातलेले मुख्याध्यापक. अशा ठिकाणी शिकवणाऱ्याला हल्ली सुलभक म्हणतात. आमचे सुलभक निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. पहिले तीन दिवस गटचर्चा झाल्या, तक्ते रंगवले, फुगे फोडले. चौथ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक पत्र दिलं. पुढचे पाच दिवस प्रत्येकाने दुसऱ्याच एका शाळेत जायचं आणि तिथल्या मुख्याध्यापकांबरोबर राहायचं.

"त्यांची सावली व्हा," सुलभक म्हणाले. "काही सुचवायचं नाही, मध्ये पडायचं नाही. बघायचं आणि लिहायचं."

लिहिण्यासाठी छापील निरीक्षणपत्र होतं. दर अर्ध्या तासाला एक ओळ. मुख्याध्यापक कुठे आहेत, कोणाबरोबर आहेत, काय करत आहेत.

माझ्या पत्रावर साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाचं एक डोंगराकडचं गाव होतं. पहिली ते सातवी शाळा. खाली मुख्याध्यापकांचा फोन नंबर. गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या चांगल्या शाळांची जी यादी झाली, तिच्यातून ही नावं घेतलीत असं सुलभकांनी सांगितलं. माझं पत्र बघून ते म्हणाले, "हे सर फार बोलणार नाहीत. पण बघण्यासारखा माणूस आहे."

साक्रीला माझी मावसबहीण राहते, तिच्याकडे सामान टाकलं आणि काळीपिवळी जीपने पुढे निघाले. त्या बाजूचा रस्ता मी कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे जानेवारीतही नजर जाईल तिथे हिरवं असतं. इथे बाजरी निघून गेलेली, शेतं उघडी, आणि डोंगराच्या कण्यावर ओळीने पवनचक्क्या. लांबून त्या संथ वाटतात. शाळेपाशी उतरले तेव्हा सर्वांत जवळची चक्की अगदी डोक्यावर होती आणि तिच्या प्रत्येक पात्याबरोबर एक दबका हुंकार ऐकू येत होता. कोणी झोपेत श्वास सोडावा तसा.

तीन वाजून गेले होते. शाळा म्हणजे एका ओळीत सात खोल्या, पुढे लांब व्हरांडा, आणि सातवीच्या पलीकडे शेवटी कार्यालय. तिशीच्या आतली एक शिक्षिका सातवीतून घाईने बाहेर आली. शिंदखेड्याची, इथे चार वर्षं झाली, असं तिने चालता चालताच सांगितलं. मी पत्र पुढे केलं. तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"सर फेरीवर आहेत," ती म्हणाली. "तुम्ही कार्यालयात बसा, मॅडम. माझे दोन वर्ग वाट बघताहेत."

कार्यालय स्वच्छ होतं. टेबलावर वेळापत्रक, खडूचा डबा, घडी करून ठेवलेला चष्मा. दाराबाहेर चपलांचा एक जुना जोड, टाचा झिजलेल्या. मी समोरच्या बाकावर बसले आणि निरीक्षणपत्र काढलं. थोड्या वेळाने पोषण आहाराची खिचडी करणाऱ्या अक्का आल्या. साठीच्या असाव्यात. त्यांनी वाफाळलेल्या चहाचा पेला टेबलावर ठेवला. माझ्यासाठीच असेल म्हणून मी हात पुढे केला.

"तो नका लेऊ, बाई," त्या म्हणाल्या. "तो सरना शे. तुमले दुसरा लई येस."

आमच्या पूर्वेकडच्या बोलीपेक्षा त्यांची बोली वेगळी, पण समजायला अडचण नव्हती. चहा सरांचा होता, माझ्यासाठी त्या दुसरा आणणार होत्या. मी ओशाळून हात मागे घेतला.

चार वाजत आले. ऊन उतरलं तशी पवनचक्कीची सावली मैदानावर आली. तीन लांब काळ्या पट्ट्या, एकामागून एक, मैदान ओलांडून व्हरांड्याच्या पायऱ्यांवर चढायच्या आणि खाली उतरायच्या. सातही वर्गांचा गलका चालू होता. पाढे, कविता, कोणाचं तरी भांडण. आणि मग पलीकडच्या टोकाला, पहिलीचा वर्ग एकदम गप्प झाला.

अशी शांतता शिक्षकाला लगेच ओळखू येते. दारात कोणी आलं की वर्ग असा गप्प होतो. मी मान वर केली. पहिलीत पुन्हा कुजबुज सुरू झाली आणि दुसरी गप्प झाली. मग तिसरी. कोणीतरी शांतपणे चालत येत होतं, प्रत्येक दारापाशी घटकाभर थांबत होतं. चौथी. पाचवी. मी उठून साडी नीट केली, पत्र हातात घेतलं. आता सहावी, सातवी, मग इथे.

पाचवीचा वर्ग गप्पच राहिला. सहावी आणि सातवीत मात्र गलका चालूच होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी व्हरांड्यात येऊन पाहिलं. व्हरांडा रिकामा होता. पाचवीच्या वर्गात डोकावले. मुलं हाताची घडी घालून बसलेली, शिक्षक कोणी नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराबाहेरच्या पायरीकडे बघत होती.

"सर कुठं गेले?" मी विचारलं.

एका मुलीने ओठांवर बोट ठेवलं.

मी परत जाऊन लिहिलं : चार ते साडेचार, वर्गांची फेरी, पाचवीच्या वर्गाजवळ बराच वेळ. मला वाटलं, सर मला टाळताहेत. बाहेरून कोणी बघायला आलं की मुख्याध्यापक असे मागच्या दाराने निघून जातात, हे माझ्या ओळखीचं होतं. पाच वाजता शाळा सुटली. चहावर साय धरली होती. अक्कांनी पेला उचलला, मागच्या कडुनिंबाच्या मुळाशी ओतला, विसळून पालथा घातला.

"सर गेले?" मी त्या शिक्षिकेला विचारलं.

"उद्या या ना लवकर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी परिपाठाच्या आधी हजर झाले. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. ओट्यावर मधोमध एक जागा मोकळी सोडून तिन्ही शिक्षक बाजूला उभे होते. बाकीचे दोघे साक्रीहून मोटारसायकलने येणारे गुरुजी, माझ्याशी नमस्कारापुरते बोलले आणि वर्गात गेले. सात वर्ग, तीन शिक्षक. म्हणजे कोणत्याही वेळी चार वर्ग मास्तराविना. तरी एकाही वर्गात गोंधळ नव्हता. चौथीतली एक मुलगी तिसरीला वाचायला लावत होती. सहावीने फळ्यावर आपापली गणितं मांडली होती आणि एकमेकांची तपासत होती. वीस वर्षांत मी असं कुठे पाहिलं नव्हतं. मी हे सगळं लिहीत राहिले आणि 'मुख्याध्यापक कुठे आहेत' हा रकाना मात्र रिकामा राहिला.

मधली सुट्टी संपल्यावर मला राहवेना. पत्रावरचा नंबर काढला आणि व्हरांड्यातून फोन लावला.

पलीकडे फोन वाजला. पलीकडे म्हणजे शेजारच्याच, सातवीच्या वर्गात. जुन्या फोनची ती साधी टिणटिण मला कानातही ऐकू येत होती आणि भिंतीपलीकडूनही. मग वाजायचं थांबलं.

"हॅलो, सर फेरीवर आहेत. काय निरोप देऊ?"

बोलता बोलता ती शिंदखेड्याची शिक्षिका कानाला फोन लावून व्हरांड्यात आली. आम्ही पाच-सहा पावलांवर समोरासमोर उभ्या होतो. तिचा आवाज मला दोनदा ऐकू आला होता. तिनेही आपला आवाज माझ्या हातातून ऐकला असावा. फोन खाली घेतला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"या आत," ती म्हणाली.

कार्यालयाचं दार लोटून घेऊन तिने मला सांगितलं. सरांना जाऊन अडीच महिने झाले होते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. सर रोज चार वाजता फेरीला निघायचे. चपला कार्यालयाबाहेर काढायचे, अनवाणी चालायचे, म्हणजे मुलांना पाय वाजलेले कळू नयेत. पण मुलांना कळायचंच. पहिलीपासून सातवीपर्यंत प्रत्येक दारात थांबायचे, एखादी वही बघायचे, पुढे जायचे. त्या दिवशी पाचवीपर्यंत आले आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसले. दाराला टेकून. पाचवीच्या मुलांना वाटलं, सर दमलेत. कोणीतरी बोट ओठांवर ठेवलं आणि सगळा वर्ग हाताची घडी घालून बसला, सरांची झोप मोडू नये म्हणून. पाच वाजून गेले. घंटा द्यायला सर सांगतात, म्हणून कोणी घंटाही दिली नाही. चहा निवला तरी सर आले नाहीत, म्हणून अक्का बघायला निघाल्या, तेव्हा कळलं.

"एक तास," ती म्हणाली. "पोरं एक तास त्यांच्या पाठीकडे बघत बसली होती, मॅडम. मी इथे सातवीत भूमिती शिकवत होते."

मग मी विचारलं, "आणि तुम्ही सांगता, सर फेरीवर आहेत?"

तिने तो फोन टेबलावर ठेवला. सरांच्या पत्नीनेच तो आणून दिला होता. गावातली निम्मी कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. लेकरं आजी-आजोबांकडे ठेवून जातात, शाळा बुडू नये म्हणून. हे सरांनी दहा वर्षं घरोघरी जाऊन जमवलं होतं. आजी-आजोबांकडे फोन नाहीत, आई-बापांकडे नंबर एकच, सरांचा. माझी पोरगी जेवली का, पोराचा ताप उतरला का, सगळं ह्याच फोनवर.

"पहिल्या आठवड्यात एका बापाचा फोन आला. मी खरं सांगितलं, सर गेले. तो तिसऱ्या दिवशी आला आणि दोन्ही पोरांना घेऊन गेला. म्हणाला, आता इथं कोण आहे बघायला? दोघंही हुशार होती. आता उसाच्या फडात आहेत. मग पुढचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, सर फेरीवर आहेत."

"आणि चार वाजता वर्ग गप्प होतात ते?"

"ते मी कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "कोणीच सांगितलेलं नाही. सर गेल्यावर दहा-बारा दिवसांनी आपोआप सुरू झालं. पहिलीपासून पाचवीपर्यंत. तिथे थांबतं. सहावी-सातवीपर्यंत ते त्या दिवशी पोचलेच नव्हते ना."

सावली व्हायला मला ज्या माणसाकडे पाठवलं होतं, तो माणूसच नव्हता. धुळ्याला फोन करून सांगायला हवं होतं. मी केला नाही. सर गेल्याचं तालुक्याला ठाऊक होतं, धुळ्याच्या यादीपर्यंत ते पोचलं नव्हतं; पण ती फोनवर काय सांगते हे कळलं की तिच्यावर चौकशी येईल, ही एक भीती होती. पण खरं कारण ते नव्हतं. मला पुन्हा चार वाजायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी मी कार्यालयात न बसता व्हरांड्यात थांबले, तिसरी आणि चौथीच्या मधल्या भिंतीपाशी. वारा पडला होता, तरी वर चक्की फिरत होती. सावलीचे पट्टे पायरीवर चढत होते, उतरत होते. पहिली गप्प झाली. दुसरी गप्प झाली. व्हरांड्याची फरशी त्या टोकापर्यंत रिकामी दिसत होती, चांगल्या लख्ख उन्हात. तिसरीतला आवाज माझ्या डाव्या कानाशी असा थांबला की कोणीतरी हाताने झाकला असावा. मग माझ्या पाठीला भिंतीचा गारवा लागला, तेव्हा लक्षात आलं की मी दोन पावलं मागे सरकले होते. वाट द्यायला. उजवीकडे चौथी गप्प झाली.

अक्का चहाचा पेला घेऊन चालल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं होतं.

"बठ्ठा असाच सरकतस," त्या साध्या सुरात म्हणाल्या. सगळेच असे सरकतात म्हणे. आणि त्या पुढे गेल्या.

त्या दिवशी मावसबहिणीकडे मला जेवण गेलं नाही. ती विचारत राहिली, मी थकले म्हणून सांगितलं. मला भुताची भीती वाटत नव्हती. वाटत होतं ते याहून वाईट. एखाद्या शाळेला माणसाची इतकी सवय लागू शकते, की तो गेल्यावरही ती त्याच्यासाठी जागा सोडत राहते. आणि मी जूनमध्ये ज्या खुर्चीवर बसणार होते, तिथून कोणी उठून गेलं तर आमच्या शाळेतलं एक पोरगंही मान वर करणार नव्हतं. मला नक्की कशाची भीती वाटत होती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी मी कोणाला न विचारता ठरवलं. चारला पाच मिनिटं कमी असताना चपला काढल्या आणि पहिलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. फरशी पायाखाली गरम होती. मुलं गप्प झाली, पण या वेळी ती माझ्याकडे बघत होती. मी एका मुलाची पाटी बघितली, मान हलवली, पुढे गेले. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक दारात तीच शांतता, आणि मला सारखं वाटत होतं की ती माझ्यामुळे नाही, माझ्या पुढे पाऊलभर चाललेल्या कोणामुळे आहे. मी फक्त मागून जाते आहे.

पाचवीच्या पायरीपाशी माझे पाय थांबले. दगडी पायरी, मधोमध झिजून खोलगट झालेली. आत हाताच्या घड्या. ती पहिल्या दिवशीची मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही नका बसू."

"नाही बसत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी पायरी ओलांडली आणि सहावीच्या दारात गेले.

सहावीचा वर्ग आपल्या नादात होता. मी दिसले तशी दोघं-तिघं गप्प झाली, मग बाकीची. ती शांतता इतर वर्गांसारखी नव्हती. त्यांना काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "काय चाललंय?"

पहिल्या बाकावरचा एक मुलगा उठला. दप्तराच्या तळातून त्याने निबंधाची वही काढली आणि टेबलावर आणून ठेवली.

"सर तपासणार होते," तो म्हणाला.

मग दुसरा उठला. मग एक मुलगी. बघता बघता सगळा वर्ग रांगेत उभा राहिला आणि टेबलावर वह्यांचा ढीग झाला. पहिली वही उघडली. 'माझी दिवाळी.' खाली तारीख, सर गेले त्या दिवसाची. अडीच महिने त्यांनी त्या वह्यांत पुढे एक अक्षर लिहिलं नव्हतं. शिक्षिकेने नव्या वह्या घ्यायला लावल्या होत्या, त्यांनी घेतल्या होत्या. या मात्र रोज दप्तरात घालून आणत होती.

मी खुर्चीवर बसले आणि लाल पेन काढलं. उसाच्या फडात आई-बापांबरोबर केलेली दिवाळी. बैलगाडीखाली लावलेला दिवा. आजीने केलेल्या करंज्या फुटल्या त्याची गोष्ट. वेलांट्या चुकलेल्या, मजकूर जिवंत. पहिल्या वहीच्या शेवटी सही करायची वेळ आली तेव्हा हात थांबला. वर्ग टेबलाभोवती दाटून उभा होता, कोणाचा श्वास माझ्या दंडाला लागत होता. मी माझी सही केली. तारीख आजची घातली. मुलाने वही घेतली, सही निरखून पाहिली आणि जागेवर जाऊन बसला.

सगळ्या वह्या होईपर्यंत पाच वाजून गेले. बाहेर आले तेव्हा ती शिक्षिका व्हरांड्यात उभी होती. मी तिला इतकी संतापलेली पाहिली नव्हती.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला?"

"कोणीच नाही."

"परवा तुम्ही जाल तुमच्या गावाला. त्यांनी वह्या काढल्या तुमच्यासमोर. माझ्यासमोर नाही काढल्या! अडीच महिने मी शिकवते त्यांना. परवापासून चार वाजता ती दाराकडे बघत बसतील. मग कोण जाणार?"

"तुम्ही."

"मला जमत नाही," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मी केला नाही का प्रयत्न? चौथीपर्यंत जाते. पुढे गेलं की वाटतं, समोर कोणाची तरी पाठ आहे. पांढरा शर्ट. ओलांडून कसं जायचं, मॅडम? त्यांनीच मला इथे उभं केलं. मी इथे आले तेव्हा मला फळ्यावर सरळ ओळ लिहिता येत नव्हती."

तीन दिवस धुळ्याला जे तक्ते रंगवले होते त्यातलं एकही वाक्य तिथे उपयोगाचं नव्हतं. मी म्हटलं, "मला चूक झाली असं वाटत नाही. पण तुम्हाला विचारायला हवं होतं." ती निघून गेली. तीही साक्रीलाच खोली घेऊन राहायची; काळीपिवळीत आम्ही दोघी शेजारी बसलो आणि ती साक्रीपर्यंत बाहेर बघत राहिली.

पाचवा दिवस शेवटचा. दिवसभर तिने मला टाळलं. चार वाजता मी मुद्दाम कार्यालयात बसले, दार उघडं ठेवून, निरीक्षणपत्र समोर. अक्कांनी चहा आणून ठेवला. पहिली गप्प झाली. दुसरी. तिसरी, चौथी, पाचवी. पाचवीत फार वेळ लागला. सहावीत गलका चालू होता आणि मी मनाशी म्हणत होते, असू दे, आज नाही तर नाही.

सहावी गप्प झाली.

मी उठले नाही. थोड्या वेळाने सातवी गप्प झाली, अगदी शेजारच्या भिंतीपलीकडे. मग कार्यालयाच्या दारात ती उभी होती. अनवाणी. जानेवारीच्या त्या गार हवेत तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. ती आत आली आणि दार धरून ठेवलं. एका माणसाला आत यायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. मग सोडलं.

"लिहा तुमचं," ती म्हणाली आणि सरांच्या नव्हे, बाजूच्या खुर्चीत बसली. चहाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

धुळ्याला परत आल्यावर मी सुलभकांना सगळं सांगितलं, फोनची गोष्ट सोडून. ते सरांना ओळखत होते. चष्मा पुसत म्हणाले, "हे निरीक्षण ग्राह्य धरता येणार नाही, बाई. कोणाचं निरीक्षण केलं असं लिहिणार?" नियमाने ते बरोबरच होतं. मला धुळे शहरातल्या एका शाळेत पुन्हा पाच दिवस पाठवलं. तिथले मुख्याध्यापक हुशार, तत्पर, सगळी कामं मोबाइलवर उरकणारे. सगळे रकाने भरले. प्रमाणपत्र मिळालं ते त्या पाच दिवसांचं.

साक्रीकडच्या त्या शिक्षिकेशी माझं अधूनमधून बोलणं होतं. मार्चमध्ये तिने ठरवलं आणि सरांच्या फोनवरून एकेका आई-बापाला स्वतः फोन करून खरं सांगितलं. रोज दोन-तीनच, याहून जास्त तिला बोलवत नव्हतं. तीन कुटुंबं आपली लेकरं घेऊन गेली. त्यातलं एक महिन्याभराने पोरीला परत सोडून गेलं. बाकीच्यांनी विचारलं, "मग आता फोन कोणाला करायचा?" तिने तोच नंबर चालू ठेवला. शाळेचा कार्यभार तिच्याकडे रीतसर आला. या जूनमध्ये पहिलीत जी मुलं आली, त्यांनी सरांना पाहिलेलं नाही, आणि ती चार वाजता गप्प होत नाहीत; ती खुशाल ओरडत असतात, असं तिने मला सांगितलं. फेरी आता दुसरीपासून सुरू होते. पुढल्या वर्षी तिसरीपासून होईल. हे सांगताना तिला आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

माझं म्हणाल तर जूनमध्ये मी खुर्चीवर बसले. पहिल्या आठवड्यात माहितीचे अकरा तक्ते आले. नवव्या तक्त्यावर मी उठले, चौथीत जाऊन मागच्या बाकावर बसले. शिकवणारे गुरुजी गोंधळले, पोरं वळून वळून बघायला लागली, एकाने दुसऱ्याला ढोसलं. मी म्हटलं, "चालू द्या." आणि तास संपेपर्यंत बसून राहिले.